कोरडवाहू कुरणासाठी जिवाणू खते: कुठे उपयोग होतो, कुठे पैसे वाया जातात

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्व भाग आणि साताऱ्यातील माण-खटाव या अवर्षणप्रवण पट्ट्यात शेळ्या, मेंढ्या आणि भाकड जनावरे बहुतांशी पडीक रान, गायरान आणि बांधावरच्या गवतावर जगतात. पाऊस बेताचा, तोही मोठे खंड देऊन पडणारा. जमीन उथळ, मुरमाड, सेंद्रिय कर्ब कमी आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त. अशा रानात युरिया टाकून गवत वाढवणे क्वचितच परवडते. पुढचा पाऊस लांबला की टाकलेल्या युरियातील नत्राचा बराचसा भाग अमोनिया होऊन उडून जातो. त्यामुळे स्वस्तातली जिवाणू खते कुरणासाठी वापरावीत का, हा प्रश्न पशुपालक आणि ग्रामपंचायती हल्ली वारंवार विचारतात.

उत्तर सरसकट हो किंवा नाही असे देता येत नाही. कुरणात स्टायलोसारखा शेंगवर्गीय चारा घेणार असाल आणि त्याला योग्य रायझोबियम लावणार असाल, तर हा खर्च निश्चित करावा. नुसत्या गवताला ॲझोस्पिरिलम लावले तर फायदा होतो, पण तो मर्यादित असतो आणि दरवर्षी दिसेलच असे नाही. आणि ज्या गायरानावर बाराही महिने जनावरे मोकळी फिरतात, तिथे कोणतेही पाकीट टाकू नये.

गवत भरपूर, तरी दूध का आटते?

पावसाळ्यात कोवळ्या गवतात प्रथिने बऱ्यापैकी असतात. कुसळी, पवन्या यांसारखी गवते फुलोरा येऊन वाळली की प्रथिनांचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर उतरते. जनावराच्या कोठीपोटातील जिवाणूंना काम करण्यासाठी चाऱ्यात किमान ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. त्याखाली गेले की वाळलेले गवत नीट पचत नाही, खाणे मंदावते, वजन घटते. जानेवारीनंतर पोट भरलेले दिसूनही शेळ्या-मेंढ्या खंगतात त्याचे मोठे कारण हे आहे. शेतकरी 'गवतात सत्त्व नाही' असे म्हणतो ते अगदी बरोबर आहे, ते सत्त्व म्हणजे नत्र.

पानांसह कापलेल्या स्टायलोत प्रथिने साधारण १२ ते १५ टक्के असतात. गवतात एक तृतीयांश स्टायलो मिसळला तरी एकूण चारा ७ टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहतो. स्टायलोला हे नत्र हवेतून मिळते, पण मुळांवरच्या गाठींत काम करणारा रायझोबियम असेल तरच. जमिनीतील जिवाणूवर खर्च करायचा तो जनावराच्या पोटातल्या जिवाणूला खाऊ घालण्यासाठी, असा हिशेब ठेवला की कुठे खर्च करावा हे आपोआप कळते.

कोणता जिवाणू काय करतो

रायझोबियम गटातील जिवाणू शेंगवर्गीय झाडाच्या मुळात शिरून गाठी तयार करतात. झाड त्यांना साखर पुरवते, ते झाडाला नत्र देतात. शेंगवर्गीय पिकाच्या एक टन सुक्या चाऱ्यामागे साधारण २० ते २५ किलो नत्र स्थिर होते, असा जगभरच्या अभ्यासांतून आलेला ठोकताळा आहे. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी हेक्टरी दोन टन सुका स्टायलो आला तर ४० ते ५० किलो नत्र हवेतून आले. दुष्काळी वर्षात स्टायलोच अर्धा टन आला तर नत्रही त्याच प्रमाणात घटते. पाऊस कमी म्हणून जिवाणू जास्त काम करतील, असे होत नाही.

हे नत्र शेजारच्या गवताला लगेच मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे. स्टायलोची पाने गळतात, जुनी मुळे कुजतात, जनावरांचे शेण-मूत्र पडते, तेव्हा ते हळूहळू जमिनीत येते. त्यामुळे पहिल्या वर्षी गवत अधिक हिरवे दिसले नाही म्हणून प्रयोग फसला असे समजू नये. फरक दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात दिसू लागतो.

ॲझोस्पिरिलमची गोष्ट वेगळी आहे. हा गवतवर्गीय वनस्पतींच्या मुळांभोवती आणि मुळांच्या बाहेरील थरात राहतो, गाठी करत नाही. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १९२५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे १९७० च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांना तो उष्ण प्रदेशातील चारा गवतांच्या मुळांशी सापडला आणि मग त्याचा जगभर अभ्यास सुरू झाला. सुरुवातीला वाटले होते की हा गवताला भरपूर नत्र देईल. तसे झाले नाही. तो नत्र स्थिर करतो, पण थोडे. त्याचा खरा उपयोग मुळांवर होतो. तो ऑक्झिनसारखी वाढ संप्रेरके तयार करतो, त्यामुळे केशमुळे आणि आडवी मुळे वाढतात आणि रोप जमिनीतील ओलावा व अन्नद्रव्ये अधिक जागेतून ओढू शकते. उथळ मुरमाड रानात, पावसाने १५ दिवस ओढ दिली असताना, रोप तगणे किंवा मरणे एवढ्यावरच ठरू शकते.

ॲझोस्पिरिलमच्या वीस वर्षांतील निरनिराळ्या देशांतील शेतप्रयोगांचा एक आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ६० ते ७० टक्के प्रयोगांत उत्पादन वाढले आणि वाढ ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान होती. याचा दुसरा अर्थ असा, की दर तीनपैकी एका ठिकाणी काही फरक पडला नाही. यातील बहुतेक प्रयोग तृणधान्यांवरचे होते. ब्राझीलमध्ये आता ब्रॅकिरिया गवताच्या कुरणांसाठी ॲझोस्पिरिलमची शिफारस आहे. त्या कामात पुढाकार घेणाऱ्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण तिकडच्या कुरणांवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो आणि शिफारसही खताला जोड म्हणून आहे, खताच्या बदली म्हणून नाही. ब्राझीलचे आकडे दाखवून माणदेशात बाटल्या खपवणाऱ्यांना हे आवर्जून विचारावे.

स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंबद्दल थोडक्यात. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून जमिनीत अडकलेले स्फुरद मोकळे करतात. प्रयोगशाळेत ते उत्तम दिसते. चुनखडीच्या जमिनीत मात्र चुना ती आम्ले मारून टाकतो आणि परिणाम बराच कमी होतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतासोबत द्यायला हरकत नाही, त्यांच्यावर विसंबून स्फुरद खत बंद करू नये. स्टायलोला गाठी भरण्यासाठी स्फुरद लागतेच. लागवडीच्या वेळी हेक्टरी ४० किलो स्फुरद, म्हणजे एकरी दोन गोणी सिंगल सुपर फॉस्फेट, द्यावे. त्यातून गंधकही मिळते, जे प्रथिने तयार होण्यास लागते. माझ्या मते पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर गवतासाठी तीन प्रकारची जिवाणू पाकिटे घेण्यापेक्षा या दोन गोणी आणि स्टायलोचे रायझोबियम घ्यावे.

स्टायलोची जात आणि तिचा जिवाणू

इथे सर्वांत जास्त गफलत होते. 'रायझोबियम' असे लिहिलेले पाकीट म्हणजे कोणत्याही शेंगवर्गीय पिकाला चालणारे पाकीट नव्हे. दुकानात सहज मिळते ते बहुधा सोयाबीन किंवा हरभऱ्याचे. हरभऱ्याचे संवर्धन स्टायलोला लावले तर गाठी येणार नाहीत.

स्टायलोच्या हमाटा आणि स्कॅब्रा या प्रजाती हलक्या, निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत चांगल्या येतात. चवळी गटातील जे जिवाणू आपल्या जमिनीत मुळातच असतात, ते या प्रजातींवर बऱ्यापैकी गाठी करतात. मटकी, चवळी, कुळीथ कधी काळी घेतलेल्या रानात हमाटा किंवा स्कॅब्राला संवर्धन न लावताही गाठी दिसू शकतात. लावायचेच असेल तर चवळी गटाचे घ्यावे.

सीब्राना ही तिसरी प्रजाती भारी, काळ्या, विम्लतेकडे झुकलेल्या जमिनीत इतर दोघींपेक्षा चांगली टिकते. म्हणजे दख्खनच्या मध्यम काळ्या रानासाठी तीच अधिक योग्य. पण तिला विशिष्ट ब्रॅडिरायझोबियम लागतो, जमिनीतले सर्वसाधारण जिवाणू तिच्यावर नीट काम करत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ही प्रजाती आली तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र वाण निवडावा लागला. संवर्धनाशिवाय पेरलेला सीब्राना उगवतो, पण पिवळट आणि खुरटा राहतो, गवत त्याच्यावर चढते आणि दोन वर्षांत तो नाहीसा होतो. मग 'स्टायलो आपल्याकडे येत नाही' असा निष्कर्ष निघतो. दशरथ घासाचेही तसेच आहे, त्यालाही स्वतःचा जिवाणू लागतो.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. बियाणे घेताना ते कोणत्या प्रजातीचे, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. त्यानंतर कृषी विद्यापीठाच्या किंवा झाशी येथील भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे त्या प्रजातीचे संवर्धन मिळते का, ते पेरणीच्या दोन महिने आधी विचारावे. या संस्थेचे प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे, दक्षिण महाराष्ट्राला ते जवळ पडते. सीब्रानाचे संवर्धन मिळत नसेल तर त्या वर्षी हमाटा किंवा स्कॅब्रा पेरावा.

पाकीट घेताना

जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीच्या रूपातील खतात प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पाकिटावर जिवाणूचे नाव, कोणत्या पिकासाठी, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख हे छापलेले असलेच पाहिजे. तारीख शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात राहिलेले पाकीट तारखेच्या आत असूनही निकामी झालेले असू शकते. शक्यतो ताजे, थेट उत्पादन केंद्रातून आणावे. घरी ते माठाशेजारी किंवा गारव्याच्या खोलीत ठेवावे, मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर ठेवू नये. द्रवरूप खत साठवणीत जास्त टिकते, त्यामुळे लांबून आणायचे असेल तर तेच बरे.

बीजप्रक्रिया

स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. ते नरम न करता पेरले तर थोडेच बी पहिल्या पावसात उगवते. त्यासाठी बी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४ ते ५ मिनिटे ठेवावे. थर्मामीटर नसेल तर उकळत्या पाण्याच्या पाच भागांत साध्या पाण्याचे दोन भाग मिसळावेत, तापमान साधारण तेवढेच येते. पाणी बियाण्याच्या चार-पाच पट असावे, नाहीतर ते लगेच थंड होते. नंतर बी गाळून, थंड पाण्याने धुऊन सावलीत पसरावे. पूर्ण गार झाल्यावरच जिवाणू लावावेत. गरम बियाण्याला लावलेले संवर्धन त्याच क्षणी संपते.

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून थंड करावा. पाच किलो स्टायलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरे. गुळाचे पाणी पाकिटातील भुकटीत थोडे थोडे घालून दाट लेप करावा, तो बियाण्याला हलक्या हाताने चोळावा, गोणपाटावर सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बियाण्याला आधीच बुरशीनाशक लावलेले असेल तर जिवाणू बियाण्याला न लावता शेणखतातून द्यावेत. सुपर फॉस्फेट आणि प्रक्रिया केलेले बी एकाच पाटीत मिसळू नये. खत आम्लधर्मी असते, त्याच्या संपर्कात जिवाणू मरतात. खत आधी पेरून घ्यावे.

अंजन, धामण यांसारख्या गवतांचे बी हलके आणि केसाळ असते. ते वाऱ्याने उडते आणि लेपही नीट बसत नाही. राजस्थानच्या वाळवंटी कुरणांत अशा बियांच्या गोळ्या करून पेरतात, ती पद्धत इथेही सोयीची आहे. साधारण एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग बारीक वाळू घेऊन त्यात ॲझोस्पिरिलमचे पाणी शिंपडत वाटाण्याएवढ्या गोळ्या वळाव्यात. मातीच्या आवरणात जिवाणूंना थोडे संरक्षण मिळते. गोळ्या सावलीत सुकवाव्यात आणि एक-दोन दिवसांत वापराव्यात. अंजनाचे बी काढणीनंतर काही महिने सुप्तावस्थेत असते, म्हणून गेल्या वर्षीचे बी घ्यावे.

मारवेल ठोंबांपासून लावतात. इथे ॲझोस्पिरिलम वापरणे सर्वांत सोपे आणि माझ्या अनुभवात सर्वांत खात्रीचे आहे. एक किलो संवर्धन १० ते १५ लिटर पाण्यात कालवून ठोंबांची मुळे १५ ते ३० मिनिटे बुडवावीत आणि लगेच ओल्या जमिनीत लावावीत. जिवाणू थेट मुळावर पोचतात आणि मूळ आधीच जिवंत असल्यामुळे त्यांना लगेच खाद्य मिळते.

धूळपेरणी आणि जिवाणू यांचे जमत नाही

कुरणाचे बी पावसाआधी धुळीत टाकण्याची पद्धत अनेक भागांत आहे आणि नुसत्या गवतासाठी ती ठीकही आहे. प्रक्रिया केलेले बी मात्र धुळीत टाकू नये. जूनच्या सुरुवातीला उघड्या मुरमाचा वरचा थर दुपारी ५० अंशांच्या वर तापतो. पाऊस आठ दिवस लांबला तर बियाण्यावरचे जवळजवळ सगळे जिवाणू मेलेले असतात. रान एक वीतभर खोल ओले झाल्यावर, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी पेरावे. बी एक ते दोन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

धूळपेरणी करावीच लागली, तर गवताचे साधे बी तेव्हा टाकावे आणि जिवाणू नंतर द्यावेत. चांगला पाऊस होऊन उगवण दिसली की एकरी दोन ते चार किलो संवर्धन १०० ते २०० किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओळींत पसरावे. कोरड्या, उन्हात वाळलेल्या शेणखतात मिसळून उपयोग नाही.

गवताच्या दोन ओळी आणि स्टायलोची एक ओळ असे प्रमाण ठेवावे. स्टायलोचे बी ओळीत पेरताना हेक्टरी सहा किलो, फेकून पेरताना दहा किलो धरतात. मिश्र कुरणात ओळींच्या प्रमाणात कमी करावे. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवावी, स्टायलोचे बी पडू द्यावे आणि कापणी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंची ठेवून करावी. बुडातून कापलेला स्टायलो पुन्हा नीट फुटत नाही.

गायरानाचे काय?

ग्रामपंचायतीच्या गायरानासाठी जिवाणू खतांची मागणी येते तेव्हा आधी एकच गोष्ट पाहावी: चराई बंद ठेवण्याचा ठराव आहे का आणि तो पाळला जातो का. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाणलोटाची कामे केली, मोकळी चराई बंद केली आणि गवत कापून नेण्याची पद्धत लावली. गवत तिथे परत आले ते या कामांमुळे. गवताची मुळे जिवंत राहिली, पाला जमिनीवर पडू लागला की जमिनीत असलेले जिवाणू आपोआप वाढतात. जनावरांच्या खुरांनी टणक झालेल्या, पाणी न मुरणाऱ्या उघड्या जमिनीवर बाहेरून आणलेले जिवाणू टाकणे म्हणजे घर नसलेल्याला भांडी देण्यासारखे आहे.

याची दुसरी बाजूही आहे. गायरानावर मेंढपाळ आणि भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या अवलंबून असतात, संपूर्ण चराईबंदीचा भार त्यांच्यावर पडतो. म्हणून गायरानाचे तीन-चार तुकडे करून दरवर्षी एक तुकडा बंद ठेवावा, त्यातच समतल चर काढून स्टायलो व मारवेल लावावे आणि कापलेल्या गवतात या कुटुंबांचा वाटा ठरावातच लिहावा. जिवाणू, बियाणे आणि सुपर फॉस्फेट यांचा खर्च त्या एका तुकड्यापुरताच करावा.

फरक पडला की नाही, हे कसे पाहावे

पेरणीनंतर ४० ते ५० दिवसांनी, पाऊस होऊन गेल्यावर स्टायलोची आठ-दहा रोपे खुरप्याने मातीसकट काढावीत. ओढून उपटू नयेत, गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर जिवाणू आहे, पण नत्र देत नाही. बहुतेक रोपांवर गाठीच नसतील तर संवर्धन मेलेले होते किंवा चुकीचे होते. त्या वर्षी शेणखतातून योग्य संवर्धन पुन्हा द्यायला अजून वेळ असतो, पावसाचा अंदाज पाहून निर्णय घ्यावा.

गवतावरचा परिणाम डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी रानात एक पट्टा जिवाणू न लावता, बाकी सगळे सारखे ठेवून पेरावा. दोन्ही पट्टे सारख्याच उतारावर आणि सारख्याच खोलीच्या मातीत असावेत. ऑक्टोबरमध्ये एक मीटर लांब-रुंदीची काठ्यांची चौकट करून प्रत्येक पट्ट्यात किमान पाच ठिकाणी टाकावी, आतले गवत कापून वाळवावे आणि वजन करावे. एका चौकटीत सरासरी २५० ग्रॅम सुके गवत म्हणजे एकरी साधारण एक टन. पाच चौकटींच्या मोजणीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक जमिनीच्या चढ-उतारामुळेही पडू शकतो, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. दोन पावसाळे तोच पट्टा मोजावा. दोन्ही वर्षी फरक नाही दिसला तर त्या रानात गवतासाठी ॲझोस्पिरिलम घेणे थांबवावे आणि तो पैसा स्टायलोच्या बियाण्याकडे वळवावा.